महाविद्यालयाचे लैंगिक छळविरोधी धोरण अद्ययावत करताना: आधी काय, नंतर काय

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांवरची बाहेरची सदस्य म्हणून गोव्यातल्या काही महाविद्यालयांची धोरणे माझ्या हाताखालून गेली. त्यांतल्या एकाच्या सातव्या पानावर पुण्याच्या पोलीस ठाण्याचा फोन नंबर होता. दुसऱ्या एकाच्या समितीतल्या दोघी निवृत्त होऊन वर्ष लोटले होते. तिसऱ्यात सगळे शुद्ध होते, फक्त तक्रार कोणाच्या हातात द्यायची ते कुठेच लिहिले नव्हते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तारीख जवळ आली की कोणीतरी जुनी फाइल उघडतो, मुखपृष्ठावरचे वर्ष बदलतो आणि ‘अपडेट झाले’ म्हणून सही घेतो. धोरणाची परीक्षा मात्र पहिली तक्रार येते त्या दिवशी होते.

हे काम मजकुरापासून सुरू करायचे नाही. आधी कोणत्या तक्रारी कोणत्या दारात जातात ते ठरवा, मग समिती, मग तारखा, आणि सगळ्यात शेवटी भाषा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

तयारी: टेबलावर काय हवे

दोन कागद समोर हवेतच. पहिला 2013 चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, आणि त्याच वर्षीचे नियम. दुसरा यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे विनियम, जे 2016 मध्ये लागू झाले. महाविद्यालयाला दोन्ही लागू आहेत आणि ते सगळीकडे जुळत नाहीत. कारवाईची मुदत कायद्यात 60 दिवस आहे, यूजीसीच्या विनियमात 30. अपिलाला कायदा 90 दिवस देतो, यूजीसी 30. एकच आकडा उचलून धोरणात टाकला की पुढे कोर्टात तोच तुमच्यावर उलटतो.

यांच्या जोडीला चालू समितीचा नियुक्ती आदेश, मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, कर्मचाऱ्यांचे सेवानियम आणि वसतिगृहाची नियमावली काढून ठेवा. कंत्राटी कामगारांचे करारही काढा: सुरक्षारक्षक, सफाई, कँटीन, बस. हे करार पाहायचे कोणाला सुचत नाही, आणि नेमके तिथेच भोक असते.

टप्पा 1: तक्रारींची दारे वेगळी करा

लैंगिक छळ, जातीवरून भेदभाव, रॅगिंग, अपंगत्वावरून डावलणे, गुणांबद्दलची कुरबुर, सगळे एकाच ‘तक्रार निवारण धोरणा’त कोंबण्याची आपल्याकडे फार हौस. परिणाम असा की लैंगिक छळाची तक्रार विद्यार्थी तक्रार समितीपुढे जाते, तिथे आठ जण ती वाचतात, आणि गुप्तता त्याच दिवशी संपते.

धोरणाच्या पहिल्या पानावर साध्या भाषेत दारे लिहा. लैंगिक छळ अंतर्गत समितीकडे. रॅगिंग 2009 च्या यूजीसी विनियमांनुसार रॅगिंगविरोधी समितीकडे. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522. प्रवेश, शुल्क, निकाल यांच्या तक्रारी 2023 च्या विनियमांखालच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि पुढे लोकपालाकडे. जात, धर्म, भाषा यांवरून भेदभाव समान संधी कक्षाकडे. भेदभाव रोखणारे यूजीसीचे समतेचे कोणते विनियम त्या घडीला लागू आहेत ते मंजुरीच्या आठवड्यात पुन्हा तपासा, सहा महिन्यांपूर्वीच्या प्रतीवर विसंबू नका. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्या व्यक्तीचे नाव घाला. 2016 च्या अपंग हक्क कायद्याखालचे समान संधी धोरण वेगळे ठेवा, पण त्याचा उल्लेख इथे हवा.

एकाच घटनेत दोन गोष्टी असतील तर? अनुसूचित जमातीतल्या मुलीला जातीवरून आणि अश्लील असे दोन्ही बोलले गेले, तर तिला दोन खोल्यांत दोनदा तीच गोष्ट सांगायला लावू नका. लैंगिक छळाचा भाग असेल तर अंतर्गत समितीने आधी नोंद घ्यायची आणि जातीचा भाग तक्रारदाराच्या संमतीने लेखी पुढे पाठवायचा, असे एक वाक्य धोरणात असू द्या.

थांबा: तक्रारदार 18 वर्षांखालील असेल तर समितीची चौकशी पुरेशी नाही. गोव्यात कितीतरी महाविद्यालयांच्या आवारातच उच्च माध्यमिक विद्यालय असते आणि प्रथम वर्षालाही सतरा वर्षांची मुले असतात. तिथे पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागू होतो आणि पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षेची तरतूद आहे. राज्याचा 2003 चा गोवा बाल कायदाही आहे. ‘आधी आपण आतल्या आत बघू’ हे वाक्य इथे चालत नाही.

टप्पा 2: समिती कागदावर नाही, माणसांत तपासा

इथे जास्त वेळ द्या. समितीची रचना चुकली असेल तर पुढची चौकशी कितीही प्रामाणिक असो, आव्हान पहिल्याच मुद्द्यावर येते.

यूजीसीच्या विनियमांप्रमाणे अध्यक्ष ज्येष्ठ महिला अध्यापक हवी: विद्यापीठात प्राध्यापकापेक्षा कमी पदाची नको, महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकापेक्षा कमी नको. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे, आणि तेही निवडून आलेले. शिवाय एक बाहेरची व्यक्ती, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला.

आता हिशेब करा. विद्यार्थी नसतील तेव्हा समिती 6 जणांची, म्हणजे किमान 3 महिला. विद्यार्थी आल्यावर 9 जणांची, म्हणजे किमान 5. पहिला हिशेब जमतो आणि दुसरा कोसळतो, असे मी स्वतः पाहिले आहे, कारण निवडून आलेले तिन्ही विद्यार्थी मुलगे होते. विद्यार्थ्यांची निवडणूक घेण्याआधीच हे गणित मांडून ठेवा.

सत्तरी, पेडणे, काणकोण या बाजूच्या लहान महाविद्यालयांत सहयोगी प्राध्यापक पदावर बाईच नसते, ही अडचण खरी आहे. मग कनिष्ठ प्राध्यापिकेला ‘प्रभारी’ म्हणून बसवले जाते. तसे करू नका. त्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातून, नाहीतर दुसऱ्या संस्थेतून ज्येष्ठ महिला आणण्याची वाट विनियमांत आहे. ठराव करा आणि तिचे संमतिपत्र फाइलला लावा. फक्त पदवीचे वर्ग असतील आणि पदव्युत्तर विद्यार्थीच नसतील, तर तसे कारण ठरावात लिहा. गप्प राहून जागा रिकामी ठेवू नका.

कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख हे विनियमांनुसार समितीवर चालत नाहीत. प्राचार्य आणि उपप्राचार्य यांनाही त्याच न्यायाने बाहेर ठेवा. कारण सोपे आहे: समितीच्या शिफारशींवर अंमल करणारा माणूस समितीत बसला की तो स्वतःलाच अहवाल देतो. व्यवस्थापनाचा नेहमीचा वकील ‘बाहेरचा सदस्य’ म्हणून बसवणे हीसुद्धा तशीच पळवाट. तो संस्थेच्या बाजूने विचार करतो, आणि त्याचा धंदाच तो आहे.

मानधनाचे एक सांगायचे राहिले. नियमांत बाहेरच्या सदस्याला दिवसाचे 200 रुपये आणि प्रवासखर्च आहे. पणजीहून वाळपईला जाऊन दिवसभर बसायचे, वर रात्री अहवाल लिहायचा! संस्थेने स्वतःहून जास्त द्यायचे ठरवले तर ते धोरणाबाहेरच्या ठरावात ठेवा.

तपासा: सदस्यत्वाची मुदत तीन वर्षांपर्यंत. प्रत्येकाच्या नावापुढे नियुक्तीची आणि संपण्याची तारीख लिहा. दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदलायची मुभा विनियम देतात, ती वापरा, म्हणजे एकाच दिवशी सगळे अनुभवी लोक जात नाहीत. कायद्यात 2016 पासून ‘अंतर्गत समिती’ हा शब्द आहे, यूजीसीत ‘अंतर्गत तक्रार समिती’. दोन नावांच्या दोन समित्या तयार करू नका. एकीची दोन नावे आहेत एवढे लिहून टाका.

टप्पा 3: व्याप्ती लिहा, गेटपाशी थांबू नका

‘महाविद्यालयाच्या आवारात’ हे दोन शब्द असंख्य तक्रारी गिळतात. यूजीसीच्या व्याख्येत आवार म्हणजे प्रवास, अभ्याससहल, शिबिर, इंटर्नशिप, सांस्कृतिक आणि क्रीडा स्पर्धाही. गोव्यापुरते हे उलगडून लिहा: स्पर्धेला जाणारी भाड्याची बस, एनएसएसचे सात दिवसांचे शिबिर, वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली इंटर्नशिप, कळंगुटच्या हॉटेलात प्रशिक्षण घेणारी मुलगी, शिगमोच्या मिरवणुकीतला महाविद्यालयाचा चित्ररथ. मध्यरात्रीचा व्हॉट्सअॅप ग्रुपसुद्धा.

इंटर्नशिपचे प्रकरण नाजूक आहे. छळ करणारा हॉटेलचा व्यवस्थापक असेल तर तुमची समिती त्याला शिक्षा करू शकत नाही. पण विद्यार्थिनी तुमची आहे. हॉटेलच्या समितीकडे तक्रार करायला तिला मदत करायची, तिचे गुण किंवा उपस्थिती अडकू द्यायची नाही, आणि पर्यायी जागा द्यायची, हे धोरणात लिहा. करार करतानाच त्या आस्थापनेच्या समितीचे संपर्क मागून घ्या. जिथे असे संपर्क मिळाले नाहीत तिथे विद्यार्थी पाठवू नका.

प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली मुलगी अजून ‘विद्यार्थिनी’ नाही असा वाद घालू नका. विनियम तिला विद्यार्थीच धरतात. दुसऱ्या महाविद्यालयातून युवा महोत्सवाला आलेल्यांनाही.

पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचे काय? पॉश कायदा पीडित महिलेबद्दल बोलतो. यूजीसीचे विनियम मात्र सगळ्या लिंगांच्या विद्यार्थ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध ठोस कारवाई करायला सांगतात. म्हणून तक्रारदाराच्या जागी सगळीकडे ‘महिला’ असे लिहिले की अर्धे दार बंद होते. ‘तक्रारदार’ हा शब्द वापरा.

टप्पा 4: तक्रार घेण्याची जागा

तक्रारपेटी प्राचार्यांच्या दाराबाहेर, सीसीटीव्हीच्या खाली. हे चित्र इतके सर्रास दिसते की त्यावर वेगळे बोलायची गरज नसावी. पेटी हलवा. ईमेलचा पासवर्ड कार्यालयातल्या लिपिकाकडे नसावा. अध्यक्ष आणि आणखी एक सदस्य, दोघींकडेच. आलेली तक्रार सर्वसाधारण आवक-जावक वहीत नोंदवायची नाही. समितीची स्वतंत्र वही ठेवा, तीत नावाऐवजी क्रमांक.

मुदत: घटनेपासून तीन महिने, आणि घटना मालिकेने घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून. कारणे लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘उशीर झाला’ म्हणून तोंडी परत पाठवायचे नाही, वाढवली की नाही याचा लेखी निर्णय हवा.

नियमांत सहा प्रती मागितल्या आहेत. त्यामुळे झेरॉक्स काढायला मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवल्याचा किस्सा मी ऐकला आहे. त्या दुकानदाराने काय वाचले असेल! एक प्रत घ्या, बाकीच्या समितीने काढाव्यात. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणे ही कायद्याने समितीचीच जबाबदारी आहे.

भाषा. गोव्यात हा मुद्दा कोणी धोरणात घालत नाही. मराठी, इंग्रजी, कोंकणी, आणि कोंकणीही देवनागरीत नाहीतर रोमीत, ज्या लिपीत तक्रारदाराचा हात बसला आहे त्या लिपीत. सफाईच्या कंत्राटावरच्या कितीतरी बायका कन्नड बोलतात. त्यांच्यासाठी दुभाषा कोण, ते आधीच ठरवा, आणि तो त्यांचा मुकादम नसावा.

टप्पा 5: तारखांचा तक्ता

धोरणात ‘लवकरात लवकर’ हे शब्द दिसले की खोडा. विनियमांतले दिवस एका तक्त्यात मांडा आणि एक नमुना तारीख घालून पाहा. समजा, तक्रार 6 जुलैला आली. सात दिवसांत, म्हणजे 13 जुलैपर्यंत, तिची प्रत प्रतिवादीला. त्यापुढे दहा दिवसांत, 23 जुलैपर्यंत, त्याचे उत्तर, कागदपत्रे आणि साक्षीदारांची यादी. तक्रार आल्यापासून 90 दिवसांत चौकशी पूर्ण, म्हणजे 4 ऑक्टोबर. अहवाल दहा दिवसांत, 14 ऑक्टोबर. त्यावर 30 दिवसांत संस्थेची कारवाई, 13 नोव्हेंबर.

आता कॅलेंडर बाजूला ठेवा. मधे चवथीची सुटी आहे, सत्र परीक्षा आहे, पुढे दिवाळी. 90 दिवसांतले हातात राहणारे दिवस साठही नसतात. म्हणून पहिल्या बैठकीतच सगळ्या सुनावण्यांच्या तारखा ठरवून दोन्ही बाजूंना लेखी द्या. सुटीत समिती बसेल का, हेही धोरणात हवे.

टप्पा 6: चौकशी, आणि घाईचा धोका

उशिराला सगळे घाबरतात. घाईला कोणी घाबरत नाही, आणि याचा धडा गोव्यातच आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात 2009 मध्ये समितीने मे महिन्यात पाठोपाठ सुनावण्या घेतल्या, प्रतिवादीला वाढीव वेळ नाकारून एकतर्फी चौकशी संपवली. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घाईवर बोट ठेवून सगळे प्रकरण 5 मे 2009 च्या टप्प्यावर परत पाठवले. चौदा वर्षे! तक्रार करणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, ते समितीतल्या प्रत्येकाने एकदा मनात घोळवावे.

तर धोरणात चौकशीचा क्रम असा बांधा. तक्रार वाचून समितीने आरोपांची कलमवार यादी करायची. तक्रारीची प्रत आणि तिच्यासोबतचे सगळे कागद प्रतिवादीला द्यायचे, ‘कार्यालयात येऊन वाचा’ नव्हे. आधी तक्रारदाराचे म्हणणे, मग तिच्या साक्षीदारांचे, मग प्रतिवादीचे आणि त्याच्या साक्षीदारांचे. उलटतपासणी समोरासमोर नको. प्रश्न लेखी घ्यायचे, अध्यक्षांनी वाचायचे, अपमानकारक किंवा पूर्वायुष्यावरचे प्रश्न गाळायचे आणि गाळल्याची नोंद करायची. प्रत्येक जबाबाखाली त्याच दिवशी सही. गणसंख्या अध्यक्षांसह किमान तीन. वकील कोणत्याही बाजूला चालत नाही.

एकतर्फी निर्णय कधी? सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना गैरहजर राहिल्यावर, आणि तेही 15 दिवसांची लेखी सूचना देऊन. कोणी आजारपणाचे प्रमाणपत्र पाठवले तर ते तपासा, शंका असेल तर लेखी विचारा, पण ‘बहाणा’ म्हणून बाजूला टाकू नका. एक तारीख वाढवून दिल्याने 90 दिवस बुडत नाहीत.

अंतरिम उपाय लगेच हवेत, चौकशीच्या शेवटी त्यांचा उपयोग नाही. प्रतिवादी शिक्षक असेल तर तक्रारदाराच्या उत्तरपत्रिका, अंतर्गत गुण, प्रकल्प यांपासून त्याला दूर ठेवायचे. हे फार सोपे आहे आणि फार क्वचित केले जाते. वसतिगृह बदलायचे असेल तर तक्रारदाराला हलवण्याआधी प्रतिवादीला हलवता येईल का ते बघा.

थांबा: समझोता फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाची देवघेव नाही. ‘मुलाचे करिअर आहे, माफीनामा घेऊन मिटवूया’ हा प्रस्ताव समितीतून, पालकांकडून किंवा वरून आला तर तो समझोता नव्हे, दबाव आहे. तसे शब्द इतिवृत्तात उतरवा.

आणखी एक चूक, सगळ्यांत जास्त नुकसान करणारी: ‘खोटी तक्रार केल्यास कडक कारवाई’ हे ठळक अक्षरांत पहिल्या पानावर. तरतूद आहे, पण द्वेषबुद्धी चौकशीत सिद्ध झाली तरच. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायदाच सांगतो. ही दोन्ही वाक्ये एकत्र आणि धोरणाच्या मागच्या भागात ठेवा.

टप्पा 7: शिक्षा, अपील, पोलीस

कर्मचाऱ्याला सेवानियमांप्रमाणे. विद्यार्थ्यासाठी विनियमांत यादी आहे: ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा सवलती रोखणे, ठरावीक काळ प्रवेशबंदी, नाव काढून टाकणे, आणि समुपदेशन किंवा समाजसेवा. शिफारस न स्वीकारण्याचा अधिकार संस्थेला आहे, पण कारणे लेखी देऊन आणि दोन्ही बाजूंना कळवून. स्वीकारायची असेल तर आधी दहा दिवसांची कारणे दाखवा नोटीस. कर्मचाऱ्यांसाठी अपिलाची कायद्यातली 90 दिवसांची मुदत धोरणाने कमी करू नका.

जुन्या धोरणातली भारतीय दंड संहितेची कलमे बदला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे: लैंगिक छळाच्या 354-अ च्या जागी 75, चोरून पाहणे किंवा चित्रित करणे 77, पाठलाग 78, शब्द-हावभाव 79. जाता जाता पुण्याचा तो नंबर काढून तिथे 112 आणि महिला हेल्पलाइन 181 लिहा. तक्रारदाराला पोलिसांत जायचे असेल तर समितीने मदत करायची आहे, ‘आधी आमचा निकाल’ अशी अट घालायची नाही.

टप्पा 8: मंजुरी आणि भिंतीवर

मसुदा आधी विद्यार्थी मंडळ आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वाचायला द्या, निदान पंधरा दिवस. कँटीनवाल्या बाईंना एक परिच्छेद वाचून दाखवा. त्यांना कळला नाही तर तो पुन्हा लिहा. मग व्यवस्थापन मंडळाचा ठराव, लागू होण्याची तारीख, आणि आधीच्या तक्रारींना कोणते धोरण लागू ते एक वाक्य.

सदस्यांची नावे आणि संपर्क संकेतस्थळावर आणि आवारात लावा. शी-बॉक्स या केंद्र सरकारच्या लैंगिक छळाच्या तक्रारींच्या पोर्टलवर समितीची नोंद करा. वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो. केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाल्यामुळे तिथल्या महाविद्यालयांनी आपला अहवाल सध्या कोणत्या कार्यालयात जातो याची नव्याने खात्री करून घ्यावी. तक्रार शून्य असली तरी अहवाल जातो. समितीच नसेल, किंवा कायद्यातली ही कामे केली नसतील, तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

धोरण लावल्यावर आठवड्याभरात एक रंगीत तालीम घ्या. समितीबाहेरच्या एका प्राध्यापिकेने काल्पनिक तक्रार ईमेलवर पाठवायची, कोणालाही आधी न सांगता. ती कोणी उघडली, किती वेळाने, पोच कोणत्या भाषेत गेली, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्याची चर्चा होती का, हे लिहून काढा. आमच्याकडे पहिल्या तालमीत ती तक्रार स्पॅम फोल्डरमध्ये अकरा दिवस पडून होती.